कॅनडाचा आरोग्यकायदा : यश आणि उणीव

कॅनडात हृदयविकाराचा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, की खाट, डॉक्टर, परिचारिका, तपासण्या आणि औषधे यांपैकी कशासाठीही त्याला पैसे मोजावे लागत नाहीत. तो गिरणीमालक असो वा बेकार, खाट एकाच प्रकारची आणि हक्कही एकच. परंतु हाच रुग्ण बरा होऊन घरी परतला, की रुग्णालयात विनामूल्य मिळणारी तीच गोळी त्याला औषधाच्या दुकानातून घ्यावी लागते. तिचे पैसे कोणी द्यायचे, हे मग तो कोणत्या प्रांतात राहतो, त्याचे वय काय, तो कोठे नोकरी करतो, यांवर ठरते. ज्या देशाने सार्वजनिक आरोग्यसेवेला आपल्या राष्ट्रीयत्वाची खूण मानले, त्या देशात ही विसंगती अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहिली आहे.

ही विसंगती कोणा एका मंत्र्याच्या विसराळूपणातून निर्माण झालेली नाही. ज्या क्रमाने ही व्यवस्था उभी राहिली, त्या क्रमातच तिचे मूळ आहे. त्यामुळे कॅनडाच्या आरोग्यसेवेचा इतिहास केवळ गौरवाने सांगून भागत नाही. त्या देशाने काय मिळवले याबरोबरच मिळवताना काय बाजूला ठेवले आणि ते पुन्हा हाती घेण्यास का उशीर केला, हेही पाहावे लागते. सर्वांसाठी आरोग्यसेवा उभारू पाहणाऱ्या कोणत्याही राज्याला या इतिहासाचा हा दुसरा भाग अधिक उपयोगी पडेल.

१८६७ च्या घटनाकायद्याने रुग्णालयांचा कारभार प्रांतांकडे सोपवला होता. साहजिकच, या व्यवस्थेचा उगम ओटावा या राजधानीत न होता सस्कॅचवन या गव्हाच्या प्रांतात झाला. विरळ वस्ती, लांबलांब पसरलेली शेते आणि कडाक्याचा हिवाळा अशा या प्रदेशात खासगी फीवर डॉक्टर तग धरू शकत नसे. डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून १९१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्रामीण नगरपालिकेने त्याला करातून वार्षिक १,५०० डॉलर देऊ केले. तेथूनच ‘नगरपालिकेचा डॉक्टर’ ही पद्धत प्रांतभर पसरली. शेजारशेजारच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन रुग्णालये उभारावीत, अशी सोयही त्याच दशकात कायद्याने झाली. गव्हाची विक्री सहकारी संस्थेमार्फत करणाऱ्या शेतकऱ्यांना डॉक्टरचा खर्च वाटून घेण्यात काही क्रांतिकारक वाटले नाही. १९३० नंतरच्या मंदीत आणि अवर्षणात या प्रांताचे दरडोई उत्पन्न दोन तृतीयांशांहून अधिक घसरले, तेव्हा तर एकमेकांचा आधार घेण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. सार्वजनिक आरोग्यसेवा हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी तिचा जन्म कर्जाने गांजलेल्या एका शेतकरी प्रांतात झाला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या जमिनीतून टॉमी डग्लस यांचे नेतृत्व उभे राहिले. स्कॉटलंडमध्ये १९०४ साली जन्मलेल्या या नेत्याच्या पायाच्या हाडाला लहानपणी विकार जडला होता. कुटुंबाला उपचार परवडणारे नव्हते आणि पाय कापावा लागण्याची वेळ आली होती. विनिपेग येथील एका नामांकित शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस घेतली, शस्त्रक्रिया विनामूल्य केली आणि पाय वाचला. मुलाचा पाय असा योगायोगावर अवलंबून असू नये, हा या घटनेचा अर्थ डग्लस यांनी पुढे आयुष्यभर सांगितला. ते प्रथम बॅप्टिस्ट धर्मोपदेशक झाले आणि नंतर राजकारणात आले. जून १९४४ मध्ये त्यांच्या ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ या समाजवादी विचारांच्या पक्षाने सस्कॅचवनची निवडणूक जिंकली आणि पुढील सतरा वर्षे ते प्रांताचे मुख्यमंत्री राहिले.

डग्लस यांची कार्यपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. त्यांनी वैद्यकशास्त्राचे प्रख्यात इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांना बोलावून प्रांताच्या आरोग्यस्थितीची पाहणी करवली. परंतु अहवाल हाती येताच सर्व काही एका कायद्यात कोंबण्याचा मोह त्यांनी टाळला. १ जुलै १९४६ रोजी स्विफ्ट करंट या एका विभागापुरती, डॉक्टर आणि रुग्णालय या दोहोंचा समावेश असलेली योजना प्रयोगादाखल सुरू झाली. १ जानेवारी १९४७ पासून संपूर्ण प्रांतात रुग्णालयविमा सक्तीचा झाला. त्याचा हप्ता माणशी वर्षाला ५ डॉलर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर इतका होता. डॉक्टरांच्या फीचा प्रश्न मात्र मुद्दाम पुढे ढकलण्यात आला, कारण प्रांताची तिजोरी एवढा भार एका वेळी सोसू शकत नव्हती. कर्ज काढून लोकप्रिय योजना सुरू करण्यापेक्षा आधी अंदाजपत्रक सावरणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटत असे. समाजवादी म्हणवणाऱ्या नेत्याचा हा हिशेबीपणा त्यांच्या टीकाकारांना कधी पचनी पडला नाही.

एका प्रांतात जमले ते इतरांना का जमू नये, हा प्रश्न मग देशापुढे आला. १९५७ मध्ये कॅनडाच्या संसदेने रुग्णालयविम्याचा कायदा केला आणि अटी पाळणाऱ्या प्रांतांचा सुमारे निम्मा खर्च मध्यवर्ती सरकारने उचलण्याचे ठरले. १ जुलै १९५८ पासून पैसे मिळू लागले आणि १९६१ च्या प्रारंभापर्यंत सर्व दहा प्रांत योजनेत सामील झाले. मात्र या कायद्याने एक नवीन वळणही लावून ठेवले. निम्मे पैसे मिळत ते रुग्णालयासाठी. घरी जाऊन केलेल्या शुश्रूषेसाठी किंवा घरी घेतलेल्या औषधासाठी ते मिळत नसत. मनोरुग्णालये आणि क्षयरोग्यांची आरोग्यधामेही त्यातून वगळण्यात आली होती. साहजिकच रुग्णालयाबाहेर जे घडते, ते या व्यवस्थेच्या दृष्टीने दुय्यम ठरले.

सस्कॅचवनच्या डोक्यावरचा रुग्णालयांचा अर्धा बोजा मात्र या अनुदानाने उतरला आणि डग्लस यांनी वाचलेल्या पैशाचा उपयोग डॉक्टरांच्या सेवेसाठी करण्याचे ठरवले. डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी ही योजना जाहीर केली आणि १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढवून जिंकली. वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनेने या निवडणुकीत उघड विरोधी प्रचार केला होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा संमत झाला. त्याच सुमारास डग्लस देशपातळीवरील न्यू डेमोक्रॅटिक पार्टीच्या नेतृत्वासाठी गेले आणि कायद्याची अंमलबजावणी वुड्रो लॉइड या त्यांच्या शिक्षकी पेशातून आलेल्या सहकाऱ्याच्या वाट्याला आली.

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी आपले दवाखाने बंद केले. सव्वानऊ लाख वस्तीच्या प्रांतात मोजक्या रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू ठेवण्यात आली. डॉक्टरांची भीती निव्वळ पैशाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकार पैसे देऊ लागले की रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये नोकरशहा येऊन बसेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु उपचार नाकारणे हे त्या भीतीचे उत्तर होऊ शकत नव्हते. ‘आमचे डॉक्टर टिकवा’ असे नाव घेऊन निघालेल्या समित्यांनी ११ जुलै रोजी रजायना येथे विधिमंडळासमोर प्रचंड मेळावा भरवण्याची घोषणा केली. अपेक्षा तीस-चाळीस हजारांची होती, पण जमले सुमारे चार हजार लोक. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणवले आणि काही गावांत नागरिकांनी स्वतःच सहकारी दवाखाने उघडून त्यांना कामाला लावले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या उभारणीत भाग घेतलेले लॉर्ड टेलर हे मजूर पक्षाचे डॉक्टर-उमराव मध्यस्थ म्हणून आले आणि २३ जुलै रोजी सॅस्कटून येथे समझोता झाला.

या समझोत्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. विमा सर्वांना आणि सक्तीचा, त्याचा पैसा सरकारचा, हे मूळ तत्त्व डॉक्टरांनी मान्य केले. त्या बदल्यात सरकारने डॉक्टरांना पगारी नोकर करण्याचा विचार सोडला. प्रत्येक सेवेमागे फी घेण्याची जुनी पद्धत कायम राहिली आणि योजनेच्या बाहेर राहून व्यवसाय करण्याची मुभाही मिळाली. दवाखाना खासगी, फी सार्वजनिक, असा हा तोडगा होता आणि पुढे सर्व कॅनडाने तोच उचलला. लॉइड यांना त्याची किंमत मोजावी लागली व १९६४ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पराभूत झाला. परंतु विरोधात असताना गदारोळ करणाऱ्या लिबरल पक्षाने सत्तेवर येऊनही ही योजना मोडण्याचे धाडस केले नाही. दोन वर्षांच्या अनुभवाने लोकमत एवढे पालटले होते.

याच काळात देशपातळीवर एक विलक्षण गोष्ट घडली. सस्कॅचवनचे लोण इतरत्र पसरू नये म्हणून कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेने मध्यवर्ती सरकारकडे चौकशी आयोगाची मागणी केली होती. पंतप्रधान जॉन डीफनबेकर यांनी १९६१ मध्ये न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हॉल हे त्यांच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे झुकलेले, त्यामुळे संघटनेला चिंतेचे कारण दिसले नाही. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मात्र सर्वांना चकित केले. न्यायमूर्तींनी पुरावा तपासला आणि सस्कॅचवनचाच मार्ग देशाने घ्यावा, असा निष्कर्ष काढला. एवढेच नव्हे, तर ते सस्कॅचवनच्याही पुढे गेले. रुग्णालयाबाहेरची औषधे रुग्णाने प्रत्येक चिठ्ठीमागे एक डॉलर देऊन मिळवावीत, मुलांची दंतचिकित्सा आणि घरी करावयाची शुश्रूषा योजनेत यावी, अशा त्यांच्या शिफारशी होत्या.

पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या अल्पमतातील सरकारने यातील डॉक्टरांच्या सेवेचा भाग तेवढा उचलला. डिसेंबर १९६६ मध्ये हा कायदा १७७ विरुद्ध २ अशा मतांनी कनिष्ठ सभागृहात संमत झाला. महागाईच्या कारणावरून अर्थमंत्री मिचेल शार्प यांनी अंमलबजावणी एका वर्षाने लांबवली आणि १ जुलै १९६८ पासून ती सुरू झाली. १९७१ पर्यंत दहाही प्रांत तीत आले. औषधे, दात आणि घरची शुश्रूषा हे विषय ‘पुढच्या टप्प्यासाठी’ राखून ठेवण्यात आले.

तो पुढचा टप्पा का आला नाही, हा खरा प्रश्न आहे. पहिले कारण पैशाचे. सत्तरीच्या दशकात महागाई वाढली आणि १९७७ मध्ये मध्यवर्ती सरकारने खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याची पद्धत सोडून प्रांतांना ठोक अनुदान देण्यास सुरुवात केली. नव्या सेवेचा निम्मा खर्च ओटावाकडून मिळेल ही आशाच संपल्याने नवी सेवा सुरू करण्याचा प्रांतांचा उत्साह मावळला. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मोकळ्या राहिलेल्या जागेत हळूहळू इतरांनी घरे बांधली. मोठ्या कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या आपल्या नोकरांसाठी औषधांचा खासगी विमा काढू लागल्या, तर प्रांतांनी वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी निरनिराळ्या योजना आखल्या. परिणामी ज्यांचा आवाज विधिमंडळापर्यंत पोहोचतो, त्या संघटित नोकरदारांची सोय झाली आणि जे मधल्यामध्ये अडकले, ते छोट्या दुकानातील नोकर, हंगामी कामगार, स्वतःचा लहान धंदा करणारे विखुरलेले राहिले. १९४६ मध्ये स्विफ्ट करंटच्या शेतकऱ्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे सर्वांची एकच अडचण. औषधांच्या बाबतीत ती एकी कधी निर्माणच झाली नाही.

मिळालेले राखतानाच पुष्कळ शक्ती खर्च झाली, हे तिसरे कारण. १९७७ नंतर अनेक डॉक्टर सरकारी फीवर रुग्णाकडून वरकड पैसे घेऊ लागले. न्यायमूर्ती हॉल यांना पुन्हा पाचारण करण्यात आले आणि या प्रथेमुळे दोन दर्जांची व्यवस्था निर्माण होईल, असा इशारा त्यांनी १९८० मध्ये दिला. आरोग्यमंत्री मोनिक बेजँ यांनी १९८४ मध्ये ‘कॅनडा हेल्थ ॲक्ट’ आणला आणि तो संसदेत एकमताने संमत झाला. सार्वजनिक प्रशासन, सर्वसमावेशक सेवा, सर्व नागरिकांचा समावेश, प्रांत बदलला तरी हक्क कायम आणि पैशाचा अडथळा नसलेली उपलब्धता, या त्यातील पाच अटी. जो प्रांत रुग्णाकडून जेवढे वरकड पैसे घेऊ देईल, तेवढीच रक्कम त्याच्या अनुदानातून कापली जाईल, अशी साधी पण अचूक तरतूद त्यात होती. ओंटारिओच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये पंचवीस दिवस संप केला, तरी वरकड फीची प्रथा बंद पडली. परंतु याच कायद्यातील ‘सर्वसमावेशक’ या शब्दाची व्याप्ती रुग्णालय आणि डॉक्टर यांच्यापुरतीच राहिली. १९५७ आणि १९६६ मध्ये आखलेली कुंपणाची रेषा १९८४ मध्ये अधिक पक्की झाली.

त्यानंतर आयोग आणि समित्या यांना तोटा नव्हता. १९९७ मध्ये राष्ट्रीय आरोग्यमंचाने, २००२ मध्ये सस्कॅचवनचेच माजी मुख्यमंत्री रॉय रोमानो यांच्या आयोगाने आणि २०१९ मध्ये डॉ. एरिक हॉस्किन्स यांच्या सल्लागार मंडळाने औषधांचा प्रश्न कमीअधिक प्रमाणात पुढे आणला. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये औषधविषयक कायदा झाला तो संततिनियमनाची साधने आणि मधुमेहाची औषधे एवढ्यापुरता आणि तोही करार करणाऱ्या प्रांतांपुरता. २०२५ मध्ये मॅनिटोबासह मोजक्या प्रांतांनी असे करार केले. दंतचिकित्सेची योजना २०२४ मध्ये प्रत्यक्षात आली, पण ती खासगी विमा नसलेल्या आणि ठरावीक उत्पन्नाखालील कुटुंबांसाठी आहे. हॉल यांच्या अहवालानंतर साठ वर्षांनी देश त्यांच्या शिफारशींच्या उंबरठ्यावर उभा आहे.

या व्यवस्थेचे इतर दोषही झाकण्याचे कारण नाही. तज्ज्ञ डॉक्टरची भेट आणि ठरावीक शस्त्रक्रिया यांसाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागते. लक्षावधी लोकांना नियमित कुटुंबवैद्य नाही. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्वीबेकमधील खासगी विम्यावरील बंदी या विलंबाच्याच आधारे अवैध ठरवली. पैसेवाल्याला रांग मोडू द्यावी, हा त्यावरचा सोपा उपाय अधूनमधून सुचवला जातो. परंतु डॉक्टरांची संख्या तेवढीच राहिली, तर वेगळ्या रांगेत गेलेला डॉक्टर पहिल्या रांगेतूनच कमी होतो. डॉक्टर आणि परिचारिका वाढवणे व रुग्णालयाबाहेरच्या सेवेला बळ देणे, हाच उपाय उरतो. तेथेही जुनी उणीव आडवी येते. घरी शुश्रूषेची सोय नसलेला वृद्ध रुग्ण रुग्णालयातील खाट अडवून राहतो आणि त्या खाटेसाठी दुसरा कोणी ताटकळत बसतो.

भारतात या इतिहासाकडे परका म्हणून पाहता येणार नाही. येथेही सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते. स्विफ्ट करंटची योजना सुरू झाली, तेही हेच वर्ष. मार्च २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्यहक्काचा कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले आणि एप्रिलच्या प्रारंभी तडजोडीनेच तो प्रश्न मिटला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आणि शस्त्रक्रियांवर आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, तपासणीची चिठ्ठी, तालुक्याच्या गावी जाण्याचे एसटीचे भाडे हा खर्च विम्याच्या कागदावर उमटत नाही आणि कारकुनाचा किंवा शेतमजुराचा पगार पोखरतो तो मुख्यतः हाच खर्च. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्याचा राज्याचा निर्णय त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मात्र त्या रुग्णालयांत औषध आणि डॉक्टर हजर असतील, तेव्हाच त्याला अर्थ राहील.

१९६२ चा सॅस्कटूनचा समझोता चुकीचा होता, असे कोणी म्हणणार नाही. तो झाला नसता तर कदाचित योजनाच बुडाली असती. १९६६ मध्ये सर्व काही एकदम मागितले असते, तर १७७ मते मिळाली नसती. टप्प्याटप्प्याने जाणे हा शहाणपणाचा मार्ग होता, पण त्यासाठी पुढच्या टप्प्याची तारीख आणि तरतूद पहिल्याच टप्प्यात लिहून ठेवायला हवी होती. डग्लस यांनी १९४७ नंतर बारा वर्षे वाट पाहिली, पण वाट पाहताना त्यांना पुढे काय करायचे हे ठाऊक होते आणि पैसा मोकळा होताच त्यांनी ते हाती घेतले. त्यांच्यानंतर आलेल्यांनी पहिल्या दोन टप्प्यांचा अभिमान बाळगला आणि तिसऱ्याची गोष्ट अहवालांवर सोपवली. त्या विलंबाचा भार साठ वर्षे औषधाच्या दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाने वाहिला आहे.